पत्रात नसलेला भाऊ

इंग्रजीत टचिंग नावाचा एक शब्द आहे. तेरा वर्षं तो शब्द माझ्या टेबलावरून जात-येत राहिला, पण बोलताना मी तो एकदाही वापरला नाही. आजही टीव्हीवर कुणी तो उच्चारला की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. बायको म्हणते, "झालं यांचं सुरू." खुर्ची हलते, कपातला चहा हिंदकळतो, आणि मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारून येतो.

नोकरी माझी वर्ध्यात, मुलींच्या एका वसतिगृहात. संस्थेचं नाव लिहीत नाही. संस्था गेली, साहेब गेले, आता कुणाचं नाव घेऊन काय करायचं? खेड्यापाड्यातल्या मुली तिथे राहून शिकायच्या आणि प्रत्येक मुलीमागे परदेशातला एक पालक असायचा. मुलीचं राहणं, जेवण, पुस्तकं त्याच्या देणगीतून होत. त्या बदल्यात मुलीने वर्षातून तीन पत्रं लिहायची. मुली लिहायच्या मराठीत आणि पालकांना कळायचं इंग्रजी. मधल्या जागेत मी बसलो होतो. हुद्दा पत्रव्यवहार कारकून, हत्यार एक जुना टाइपरायटर, ज्याची एक कळ दाबली की दोन उठायच्या.

पद्धत अशी होती. एका बाजूला मुलीच्या हातचं मराठी पत्र, त्याला टाचलेलं माझं टाइप केलेलं इंग्रजी. दोन्ही कागद सोबतच जायचे, म्हणजे पालकाला मुलीचं अक्षर तरी दिसावं. नियम चारच. काही मागायचं नाही. धर्माचं लिहायचं नाही. राजकारणाचं लिहायचं नाही. आणि कागद कोरा सोडायचा नाही. हा चौथा नियम मुलींना जड जायचा, कारण दहा ओळींत त्यांचं जग आटपायचं. मग उरलेल्या जागेत त्या चित्रं काढायच्या. मोर, झेंडा, कमळ. कमळं तर इतकी की परदेशात आमच्याबद्दल काय समज झाला असेल देव जाणे.

पत्रांचा मजकूर ठरलेला. मी मजेत आहे, तुम्ही मजेत असाल, पाऊस चांगला आहे, अभ्यास चांगला आहे. एखादी धीट मुलगी विचारायची, "तुमच्याकडं ढोरं किती आहे?" किंवा, "तुमचं लग्न झालं काय? काऊन नाही झालं?" हे मी गाळायचो. एक पालक रेल्वेतला निवृत्त गार्ड होता. त्याने आपल्या मुलीला तिकडच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठवलं. पोरगी हुशार. तिने सुट्टीत घरी जाताना वर्धा स्टेशनच्या फळ्यावरून सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या आणि त्याला पाठवून दिल्या. त्यानंतर सहा वर्षं त्या दोघांनी एकमेकांना दुसरं काहीही लिहिलं नाही आणि दोघंही खूश होते. त्यांचं भाषांतर करताना मला मोठं सुख व्हायचं. आकड्यांना भावना नसतात असं म्हणतात, पण त्या गार्डाच्या पत्रातून एक गाडी रद्द झाल्याचं कळलं तेव्हा पोरीला दोन घास कमी गेले होते.

आता मुख्य गोष्ट. आमचे अधीक्षक काकडेसाहेब. माणूस मेहनती, पण मुंबईच्या मुख्य कार्यालयाला टरकून असायचा. एक दिवस ते हातात पत्र नाचवत आले. एका मुलीने आपल्या आजाराबद्दल काहीबाही लिहिलं होतं, त्यावर पालकाचं दोन पानी उत्तर आलं होतं. "ठोंबरे, हे पाहा. टचिंग म्हणून राह्यला तो! असं पाहिजे. बाकी सब बकवास आहे."

मी शब्दकोश काढला. हृदयस्पर्शी, असा अर्थ दिला होता. घरी गेल्यावर बायकोला विचारलं, "हृदयस्पर्शी तू कधी म्हणतेस?" ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "कशाला म्हणू? मले कसंतरी झालं म्हणते." मी त्या रात्री जेवताना विचार करत बसलो. इंग्रजीत ती वस्तूच टचिंग असते, जशी पिवळी किंवा जड असावी. आमच्याकडे वस्तू काहीच नसते. आपल्यालाच कसंतरी होतं, पोटात तुटतं, घास उतरत नाही. हे काकडेसाहेबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुम्ही भाषांतर करा, विचार नका करू.

तेव्हापासून तो शब्द ऑफिसात मुक्कामाला आला. "यावेळी टचिंग किती निघाले?" साहेब विचारायचे, जसं शेतकऱ्याला विचारावं की किती क्विंटल झाला. ज्या पालकांची उत्तरं येत नसत त्यांच्या फायलींना साहेब 'थंड फायली' म्हणायचे. वर्षभर पालक थंड राहिला की मुख्य कार्यालय समजायचं, याचा रस संपला, आता हा देणगी थांबवणार. मग दुसरा पालक मिळाला तर ठीक, नाहीतर मुलगी घरी.

इंदूची फाइल थंड होती. इंदू पाचवीतली, वेणा नदीच्या काठच्या एका लहान गावातली. बाप हिंगणघाटला कापसाच्या जिनात हमाली करायचा, माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. गावात शाळा चौथीपर्यंत. म्हणजे इंदू घरी परत गेली की तिच्याही कमरेला वेचणीची ओटी बांधली जाणार हे ठरलेलं. तिची पालक म्हणजे मार्गरेट नावाची, कुठल्याशा थंड गावातली एकटी बाई. वर्षभरात तिच्याकडून दोन छापील कार्डं आली होती, खाली फक्त सही.

त्या दिवशी इंदूचं पत्र माझ्यापुढे होतं. "आमच्या चांदी बकरीले दोन पिल्लं झाले. एकाचे कान लांब आहे आणि एकाचे आखूड आहे. आखूडवाला जास्त उड्या मारते. मी सुट्टीत गेली तेव्हा तो माझी वही खाऊन गेला." आणि खाली उरलेल्या अर्ध्या पानावर बकरी काढलेली, शेजारी दोन पिल्लं, एकाचे कान लांब, एकाचे आखूड. आखूड कानवाल्याच्या तोंडात वही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. बकरीत काय टचिंग असणार? पाय हलायला लागला. इंदू मला आवडायची, खोटं कशाला बोलू. तास संपल्यावर ती ऑफिसच्या दारात उभी राहून टाइपरायटर बघायची. मी बकरीच्या ओळी सोडून दिल्या आणि टाइप केलं, की मला एक लहान भाऊ आहे, मी सुट्टीत घरी जाते तेव्हा माझी अर्धी भाकर मी त्याला देते. भावाला नाव दिलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. कागद टाचले, लिफाफा चिकटवला आणि संडासात जाऊन तोंड धुतलं.

दोन महिन्यांनी दोन पानी उत्तर आलं. हाताने लिहिलेलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की तुझं पत्र फार टचिंग होतं, मी ते पुन्हा पुन्हा काढून पाहते. मग लहान भावाची चौकशी, जी इंदूला पत्र मराठीत सांगताना मी गाळली. शेवटी, तुमच्याकडे कोणकोणते प्राणी असतात, असा प्रश्न. तो सगळेच विचारत, म्हणून तिकडे मी लक्ष दिलं नाही. काकडेसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फाइल गरम झाली होती. इंदू शाळेत राहिली.

त्या हिवाळ्यात पार्सल आलं. इंदूला पेन्सिलींचा डबा आणि भावाला लोकरीचा स्वेटर. निळा, चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा, हाताने विणलेला. बरोबर चिठ्ठी, लहान भावासाठी. मी पेन्सिली इंदूला दिल्या आणि स्वेटर कपाटात फायलींच्या मागे ठेवला. दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा धीर झाला नाही आणि इंदूला दाखवणार तरी काय म्हणून? पुढच्या वर्षी दुसरा आला, हिरवा, एक माप मोठा. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. भाऊ लोकरीत वाढत होता. मी दरवर्षी डांबराच्या गोळ्या बदलायचो आणि प्रत्येक पत्रात त्याच्याबद्दल एकदोन ओळी घालायचो. घालणं भाग होतं, बाई विचारायची. त्याचे दात पडले. त्याला पोहायला येऊ लागलं. माझ्या स्वतःच्या मुलाचे दात कधी पडले ते मला सांगता आलं नसतं. आणि इंदू प्रत्येक पत्राखाली बकरी काढत राहिली.

इंदू दहावीत गेली आणि पत्र आलं की बाई भारतात येते आहे. इंदूचं गाव, घर, माणसं तिला बघायची आहेत. दहावीनंतर इंदूला परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं होतं. संस्थेची मदत दहावीपर्यंतच. पुढचं बाईने मनावर घेतलं तर होणार, नाहीतर नाही. काकडेसाहेब आनंदाने नाचायचे बाकी होते. मला मात्र अन्न गोड लागेना. आठ दिवस मी ऑफिसातल्या व्हरांड्यात येरझारा घातल्या. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पोट बिघडलं. तिने ओवा दिला.

बाई यायच्या आधीच्या रविवारी मी एसटीने इंदूच्या गावाला गेलो, पिशवीत पाच स्वेटर घेऊन. हेतू काय होता तेही सांगून टाकतो. शेजारपाजारचा एखादा पोरगा तासाभरासाठी इंदूचा भाऊ म्हणून उभा करता येईल का, हे विचारायला गेलो होतो. इंदूचा बाप हिंगणघाटला होता. माय एकटीच घरी, अंगणात चुलीसाठी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडत बसलेली. मी खाटेवर बसलो आणि सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. ती ऐकत होती आणि पऱ्हाटीची काडी मोडायची थांबली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले पोरगा पायजे होता त मले विचारा लागत होतं. होता नं मले."

मी पिशवी पायाशी ओढली.

"इंदीच्या पाठचा. नऊ महिन्याचा झालता. ताप भरला अन् दोन दिवसात गेला. इंदीले बी बरोबर आठवत नाई. विचारलं असतं त सांगतलं असतं, खोटं काऊन लिवलं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"अन् त्याच्या जागी दुसऱ्याचा मी उभा करत नाई. ते होणार नाई माह्याच्यानं."

मग तिने पिशवीकडे बोट दाखवलं. मी स्वेटर काढून दिले. तिने ते एकेक करून खाटेवर पसरले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. निळा हातात घेतला, त्याच्या बाहीत दोन बोटं घातली. "हा बी त्याले मोठाच झाला असता," ती म्हणाली. तो एक तिने ठेवून घेतला. बाकीचे मी परत आणले. एसटीत खिडकीपाशी बसून मी मनाशी पक्कं केलं की बाईला खरं सांगायचं. इंदूचं काय व्हायचं ते होवो. पण हे वाक्य मनात म्हटलं की लगेच दारात उभी राहून टाइपरायटर बघणारी पोरगी दिसायची आणि मग निश्चय पुन्हा पहिल्यापासून करावा लागायचा.

बाई आली. उंच, पांढऱ्या केसांची, सैल झगा, हातात छत्री. जीपमध्ये काकडेसाहेब आणि बाई पुढे, मी आणि इंदू मागे. गावात उतरल्याबरोबर सरपंचांनी काकडेसाहेबांना चहाला धरून नेलं. बाई अंगणात आली ती सरळ बकऱ्या बांधल्या होत्या तिकडे गेली आणि त्यांच्यापुढे वाकून बसली. एकीच्या कपाळावर हात फिरवत राहिली. मी घड्याळ बघत होतो. मला वाटलं, परदेशी माणसांना जनावरांचं कौतुक असतंच.

मग ती खाटेवर बसली. समोर इंदूची माय, मांडीवर निळा स्वेटर घडी करून ठेवलेला. बाईने तो ओळखला. तिचा चेहरा फुलला. मला म्हणाली, यांना विचारा, लहान भाऊ कुठे आहे?

मी मायला म्हटलं, "बाई विचारतात, लहान पोरगा कुठं आहे."

माय म्हणाली, "सांगा त्यायले. गेला म्हणा. नऊ महिन्याचा होता, इंदी तीन वर्साची. ताप आला अन् दोन दिवसात गेला."

आता सगळं माझ्या तोंडात होतं. नऊ महिने आणि इंदी तीन वर्षांची, एवढं जरी बोललो असतो तरी बाईला हिशेब कळला असता. अर्धी भाकर, पडलेले दात, पोहणं, सगळं कोसळलं असतं. इंदू खांबाला टेकून उभी होती. तिला इंग्रजी बऱ्यापैकी कळू लागलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी इंग्रजीत म्हटलं, तो वारला. ताप आला. दोन दिवसांत गेला.

बाई खाटेवरून उतरून जमिनीवर बसली. तिने मायचा हात धरला. दोघी रडल्या. बाईला वाटत होतं की तिने ज्याच्यासाठी पाच स्वेटर विणले तो पोरगा नुकताच गेला. माय बारा वर्षांपूर्वीच्या पोरासाठी रडत होती. दोघींच्या मधे मी पायाला आवर घालत उभा होतो. मी सगळं बोललो होतो, फक्त नऊ महिने आणि तीन वर्षं गिळली होती. असं दोघींना एकाच वेळी फसवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच बैठकीत बाईने इंदूच्या पुढच्या शिक्षणाचा शब्द दिला. परतताना काकडेसाहेबांनी अंगणात काय घडलं ते माझ्याकडून ऐकलं. बाईला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "ठोंबरे, असं टचिंग मी माझ्या सर्व्हिसमध्ये पाह्यलं नाही." मी जीपच्या मागच्या फटीतून धूळ बघत बसलो. शेजारी इंदूने तोंड बाहेर वळवून ठेवलं होतं.

त्यानंतर मी जे लिहिलेलं असेल त्याचंच भाषांतर करायचो. पाऊस तर पाऊस, कमळ तर कमळ. टचिंग निघेनात तसे काकडेसाहेब चिडले आणि वर्षभरात मला पत्रांवरून काढून धान्याच्या कोठारावर बसवलं. तिथे पोरकिडे होते, उंदीर होते, पण रात्री झोप लागायची. बाईला खरं सांगणारं पत्र मी चारदा टाइप केलं आणि चारदा फाडलं. इंदूचं शिक्षण संपू दे, मग पाठवू, असं म्हणत गेलो. ते संपलं तरी पाठवलं नाही. याला कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका दुपारी इंदू माझ्या घरी आली. एव्हाना ती एका मोठ्या इस्पितळात परिचारिका झाली होती. हातात खाकी कागदाचं पुडकं. बाई वारली, तिच्या भाचीने हे इंदूच्या पत्त्यावर पाठवलं होतं. आत इंदूची सगळी पत्रं. मराठी आणि त्याला टाचलेलं माझं इंग्रजी.

बायको चहा ठेवायला आत गेली. माझा पाय सुरू झाला. मी म्हटलं, "वाचलीस?"

"वाचली, सर."

"इंदू, तो भाऊ..."

"मले तवाच समजलं होतं, सर. तुमी त्याचं वय नाई सांगतलं. मी बोलनार होती. पण माय रडून राह्यली होती. माय त्याच्यासाठी कदीच रडली नोहती. लोक म्हणे, लहान होता, दुसरा होईन. तिले कोणी रडूच नाई देल्लं. मंग मी काय बोलू?"

मी चष्मा काढून पुसत बसलो. मला यामुळे सूट मिळाली असं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

"हे पाहा," म्हणून इंदूने पहिलं पत्र उघडून माझ्यापुढे ठेवलं. माझ्या इंग्रजी कागदावर बाईची एकही खूण नव्हती. मराठी कागदावर, जिथलं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं, तिथे बकरीच्या चित्राशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला. टचिंग. आखूड कानवाल्या पिल्लाच्या तोंडातल्या वहीपाशी एक लहानशी रेघ. मी पुढची पत्रं उलटली. प्रत्येक बकरीपाशी काहीतरी लिहिलं होतं. आज तिसरं पिल्लू कुठे गेलं? ही नवी दिसते. आणि एका ठिकाणी, हा माणूस मला बकरीबद्दल कधीच का सांगत नाही?

सहा वर्षं मी त्या बाईच्या आणि या पोरीच्या मधे बसलो होतो, आणि त्या दोघी माझ्या टेबलाखालून एकमेकींशी बोलत होत्या.

"सर," इंदू म्हणाली, "मायनं विचारलं, बकरीपाशी बाईनं काय लिहिलं हाय. मले इंग्रजी समजते, पण तिले सांगाले शब्द सापडून नाई राह्यला. तुमी सांगा. तुमचं कामच हाये ते."

हृदयस्पर्शी हा शब्द ओठावर आला होता, तो मी मागे सारला. पोळ्या लाटणारी बायको आठवली. पाय कधी थांबला ते कळलं नाही.

"मायले सांगजो," मी म्हटलं, "तुमची बकरी पाहून बाईले कसंतरी झालं."

"बस, एवढंच?"

"एवढंच लिहिलं आहे," मी म्हटलं. "यात माझं काही नाही."